‘भेटवस्तू आणू नये’ म्हटलं असेल, तर आणू नये

आमंत्रणाच्या तळाशी एक ओळ असते : ‘कृपया भेटवस्तू आणू नयेत.’ ती वाचल्यावर बहुतेक घरांत एकच चर्चा होते. लिहायचं म्हणून लिहिलं असेल. रिकाम्या हाताने जायचं कसं? बाकीचे घेऊन आले आणि आपणच तेवढं काही नेलं नाही, तर? शेवटी फूल ना फुलाची पाकळी म्हणून काहीतरी कागदात बांधलं जातं आणि दारात यजमानांच्या हातात देताना म्हटलं जातं, ‘अहो, विशेष काही नाही.’

ही ओळ जशी लिहिली आहे तशीच खरी मानावी, असं आमचं ठाम मत आहे. याला अपवाद फार थोडे आहेत आणि जे आहेत ते समारंभाच्या वेळेबाहेरचे आहेत. विनंती मोडून आणलेल्या भेटीचा भार यजमानांवर पडतोच, पण त्याहून जास्त तो ज्या पाहुण्यांनी विनंती पाळली त्यांच्यावर पडतो. हा मुद्दा चर्चेत सहसा येत नाही, कारण भेट म्हणजे देणारा आणि घेणारा या दोघांमधली खासगी बाब, असं आपण धरून चालतो. घरी निवांत गाठून दिलेली भेट तशी असते. पन्नास माणसांसमोर दिलेली भेट तशी राहत नाही. तिथे पाहणारं तिसरं माणूस असतंच.

त्या तिसऱ्या माणसाचा विचार आधी करू. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या घरी लांबलेलं आजारपण असतं, कुणी शिकत असतं, तर कुणाला एकाच महिन्यात चार आमंत्रणं आलेली असतात. ‘भेट परवडत नाही म्हणून येत नाही’ असं यांतलं कुणीच कळवत नाही. प्रकृतीचं कारण सांगतात, कामाचं सांगतात आणि येत नाहीत. यजमानांना खरं कारण कधी कळत नाही. ज्यांना हे ठाऊक असतं, किंवा ज्यांनी स्वतः असे दिवस काढलेले असतात, ते ही ओळ मुद्दाम लिहितात. या एका माणसाने संकोच न बाळगता यावं, एवढाच तिचा उद्देश असतो. आपण ऐपत आहे म्हणून मोठं खोकं घेऊन आत शिरतो, तेव्हा त्या माणसासाठी उघडलेलं दार आपण पुन्हा लोटून घेतो.

इतरही कारणं असतात. वयस्कर जोडपं मोठं घर सोडून लहान घरात राहायला जाणार असतं आणि आहे तेच सामान कुणाला द्यावं या विवंचनेत असतं. कुणी महिनाभराने दुसऱ्या देशात जाणार असतं आणि सामानाच्या वजनाला मर्यादा असते. एखाद्याच्या घरी नुकतंच कुणी गेलेलं असतं. माणसं जमावीत असं वाटतं, पण सजवलेली खोकी उघडण्याचं बळ नसतं. काहींच्या पदाला भेटी स्वीकारण्याबाबतचे नियम लागू असतात आणि आपण प्रेमाने दिलेली वस्तू त्यांना वरिष्ठांकडे नोंदवावी किंवा परत करावी लागते. काहींना परतफेडीची साखळीच थांबवायची असते : तुम्ही आमच्याकडे एवढं आणलं, आता आम्ही तुमच्याकडे तेवढं आणायचं, आणि हे कुणाच्या तरी हयातीपर्यंत चालायचं. यांतलं कुठलंही कारण पत्रिकेत लिहिता येत नाही, आणि लिहावं लागूही नये. कारण दिलं नाही म्हणून विनंती तोंडदेखली ठरत नाही.

आता दारात काय घडतं ते पाहू. चाळीस पाहुण्यांपैकी दहा जणांनी काहीतरी आणलं, असं धरा. पहिला पाहुणा भेट पुढे करतो. यजमान म्हणतात, ‘अहो, कशाला आणलंत? नको म्हटलं होतं ना!’ आणि घेतात, कारण माणसांसमोर नाकारणं म्हणजे अपमान. हे सगळं मागे उभा असलेला, विनंती पाळलेला पाहुणा पाहत असतो. त्याची पाळी येते तेव्हा तो ओशाळतो. ‘आम्ही बाई तुमचं ऐकलं’ असं काहीतरी म्हणतो. यजमान घाईघाईने ‘बरोबर केलंत’ म्हणतात, पण त्यांच्या काखेत तेव्हा आधीच्याची पिशवी असते. घरी जाताना गाडीत किंवा रस्त्यात विषय निघतो : ‘सांगत होते मी, घेऊन जाऊ या म्हणून.’ दुसऱ्या दिवशी काहीजण मागाहून काहीतरी पाठवतात. आणि त्या ओळखीच्या वर्तुळात पुढचं आमंत्रण येतं, तेव्हा आणणारे दहा नसतात, पंचवीस असतात.

असे दोन-तीन समारंभ झाले की त्या वर्तुळात ती ओळ मरते. तिचा अर्थ ‘आणा, पण आणताना थोडे आढेवेढे घ्या’ असा होऊन बसतो. मग ज्याला खरोखरच काही नको आहे, त्याच्याकडे तसं सांगायला शब्दच उरत नाहीत. ‘मनापासून सांगतो’, ‘खरंच नको’, ‘कृपया आग्रह करू नये’ अशी भर घालत राहावं लागतं आणि प्रत्येक भर तितकीच लवकर झिजते. नियम मोडणाऱ्या कुणाचाही हेतू वाईट नसतो. पण नुकसान हेतूवर ठरत नाही.

भेटीमागचं हे बंधन नवं नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी 1925 मध्ये भेटींच्या देवाणघेवाणीवरच्या आपल्या निबंधात तीन बांधिलक्या सांगितल्या : द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत करावं लागतं. वरवर ऐच्छिक दिसणारी भेट आतून सक्तीची असते, हे त्यांचं निरीक्षण आजही तंतोतंत लागू पडतं. ‘भेटवस्तू आणू नये’ असं लिहिणारा यजमान पहिल्या बांधिलकीतून पाहुण्यांना मोकळं करू पाहतो. पाहुण्याने तरीही दिलं, की उरलेल्या दोन बांधिलक्या यजमानांच्या गळ्यात पडतात. घ्यावं तर लागतंच, आणि पुढे परतही करावं लागतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेनिस रेगन यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सहभागी माणसाला दुसऱ्याने न मागता एक शीतपेय आणून दिलं आणि नंतर त्याच माणसाने त्याला सोडतीची तिकिटं विकत घ्यायला सांगितलं. ज्यांना पेय मिळालं होतं त्यांनी जास्त तिकिटं घेतली. न मागितलेला उपकारही माणसाला मिंधं करतो. यजमानांनी आधीच हात जोडून ‘हे नको’ म्हटलेलं असताना हा मिंधेपणा त्यांच्यावर लादण्याला प्रेम म्हणावं का, याचा विचार देणाऱ्याने करायला हवा.

तरीही चांगली, समजूतदार माणसं भेट घेऊन जातात. याचं एक कारण देणारा आणि घेणारा वेगवेगळ्या क्षणांचा विचार करतात, हे आहे. जेफ गॅलक, ज्युलियन गिवी आणि एलनॉर विल्यम्स यांनी 2016 मध्ये भेटींवरच्या अनेक अभ्यासांचा मेळ घालताना हेच मांडलं : देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भेट हातात पडण्याचा क्षण असतो, तर घेणाऱ्याला ती वस्तू पुढे किती दिवस कशी वापरायची हे दिसत असतं. म्हणून देणारा चेहऱ्यावरच्या आनंदासाठी निवडतो आणि घेणारा ती कुठे ठेवू याच्या काळजीत पडतो. फ्रान्सेस्का जिनो आणि फ्रान्सिस फ्लिन यांनी 2011 मध्ये दाखवलं, की घेणाऱ्यांना आपण सांगितलेली वस्तू मिळाली तर जास्त आवडते. देणाऱ्यांना मात्र वाटतं, की आपण स्वतःच्या मनाने काही निवडलं तरच आपुलकी दिसते. आमच्या मते ‘काही नको’ हीसुद्धा एक मागणीच आहे, आणि ती पुरी करणं अगदी सोपं आहे. पण ती पुरी केल्याचं कुणाला दिसत नाही. न आणलेल्या भेटीसाठी कुणी आभार मानत नाही. अडचण इथे आहे. आपल्याला आपली आपुलकी दिसायला हवी असते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. पहिल्या खेपेस नाही म्हणणं हा कित्येक समाजांत शिष्टाचारच आहे. पानावर बसलेला माणूस ‘पुरे’ म्हणतो आणि वाढणारा तरी वाढतो. दोघांनाही ठाऊक असतं की ‘पुरे’चा अर्थ अजून ‘पुरे’ झालेला नाही. मग आमंत्रणातला नकारही तसाच का समजू नये? उत्तर असं, की तो नकार समोरासमोरचा असतो. त्यात आवाज असतो, चेहरा असतो, आणि चुकलं तर सावरायला पुढचं वाक्य असतं. तो एका माणसाने एका माणसाशी केलेला व्यवहार असतो. आमंत्रणातली ओळ सगळ्यांना एकदम लिहिलेली असते. तिच्यात कुणा एकाचं मन राखायचं नसतं, आणि आग्रह करून घेण्याची ती जागाही नव्हे. सगळ्यांना सारखी लागू होणारी ती व्यवस्था आहे. वेळ आणि पत्ता जसा आपण शब्दशः घेतो, तशीच ही ओळही घ्यावी. ‘सात वाजता या’ असं लिहिलं असताना आठचा अर्थ काढणारे लोक असतात, पण तो यजमानांचा दोष नव्हे.

दुसरा आक्षेप यजमानांकडे बोट दाखवतो, आणि तो खरा आहे. कित्येक यजमान ही ओळ लिहितात आणि मग स्वतःच तिला सुरुंग लावतात. पाहुण्यांकडून शब्द पाळण्याची अपेक्षा करायची तर यजमानांनीही शब्द पाळण्याजोगा ठेवला पाहिजे. हे काम बारकाईने करावं लागतं, म्हणून इथे थोडं सविस्तर.

सुरुवात शब्दांपासून. ‘आपली उपस्थिती हाच आमचा आनंद’ अशी वाक्यं सुंदर असतील, पण ती वेलबुट्टीसारखी वाचली जातात. त्यांतून सूचना पोचत नाही. सरळ लिहावं : ‘भेटवस्तू, पुष्पगुच्छ किंवा रोख रक्कम कृपया आणू नये.’ तिन्ही गोष्टींची नावं घ्यावीत, कारण ज्याचं नाव घेतलेलं नसतं ते हमखास येतं. नुसतं ‘भेटवस्तू नको’ लिहिलं, की पाकिटं येतात. पाकीट म्हणजे वस्तू कुठे, असा युक्तिवाद असतो. पाकिटं नको म्हटलं, की फुलं येतात. आणि याच्यापुढे एक वाक्य जोडावं, जे फार थोडे यजमान जोडतात : ‘सर्वच पाहुण्यांना हीच विनंती केली आहे.’ पाहुण्याची खरी भीती यजमानांची नसते, बाकीच्यांची असते. बाकीच्यांनाही हेच सांगितलं आहे, हे कळलं की निम्मी धास्ती तिथेच जाते. ‘नये’ आणि ‘शक्यतो नये’ यांतही मोठा फरक पडतो. ‘शक्यतो’ हा शब्द लिहिला, की ज्याला शक्य आहे तो आणतोच.

ओळीची जागाही महत्त्वाची आहे. दिवस, वेळ आणि पत्ता जिथे आहे तिथेच, त्याच आकाराच्या अक्षरांत ती असावी. नक्षीच्या खाली बारीक टायपात टाकलेली ओळ वाचली जात नाही, किंवा वाचली तरी उपचार समजली जाते. मोबाइलवर निरोप पाठवत असाल तर मूळ निरोपातच ती घाला. मागाहून वेगळी पाठवली तर कुणीतरी सुटतं. सगळ्यांना एकच मजकूर जायला हवा. जवळच्या नातेवाइकांच्या निरोपातून ती ओळ काढली आणि मित्रांच्या ठेवली, तर कार्यक्रमाच्या जागी दोन प्रकारचे पाहुणे समोरासमोर येतात आणि ओशाळण्याची पाळी नेमकी मित्रांवर येते. समारंभाच्या दोन-तीन दिवस आधी वेळेची आणि गाड्या लावण्याच्या जागेची आठवण करून देणारा निरोप जातो, त्यात ती ओळ पुन्हा एकदा यावी. बहुतेक लोक खरेदीला त्याच दिवसांत निघतात.

पुढची कसोटी फोनवर असते. ‘खरंच काही नको?’ असं चार-पाच जण तरी विचारतात. उत्तर एका वाक्यात संपवावं : ‘खरंच नको, कुणीच आणणार नाहीये.’ ‘अगदीच वाटलं तर काहीतरी छोटंसं’ हे वाक्य तोंडातून गेलं की सगळं मुसळ केरात. तो एक पाहुणा ते आणखी दोघांना सांगतो आणि छोटंसं म्हणजे किती, याची चढाओढ सुरू होते. घरातल्या प्रत्येकाचं उत्तर सारखं असायला हवं. मुलगा ‘नको’ सांगतो आणि आई दुसऱ्या फोनवर ‘त्यांना मिक्सर घ्यायचाच आहे’ असं बोलून जाते, तेव्हा पाहुण्याने काय समजायचं? म्हणून ओळ लिहिण्याआधी घरात पाच मिनिटं बसून हे ठरवावं. घरातलं कुणी मनातून तयार नसेल तर ओळ लिहूच नये. भेटी आवडतात असं असण्यात काहीही वावगं नाही. आवडत असताना नको म्हणणं मात्र इतरांच्या खऱ्या नकाराचं मोल घालवतं.

कार्यक्रमाच्या जागी भेटी ठेवायला टेबल नको, पाकिटांसाठी पेटी नको आणि नावं लिहून घेणारं माणूस तर नकोच. ‘कुणी आणलंच तर असावं’ म्हणून कोपऱ्यात ठेवलेलं टेबल पत्रिकेतल्या ओळीपेक्षा मोठ्याने बोलतं. त्यावर एक खोकं दिसलं, की आलेल्या प्रत्येकाच्या मनात हिशेब सुरू होतो. सगळ्यांसमोर भेटी उघडणं नाही, भेटीसोबत फोटो नाही.

सर्वांत जास्त गोंधळ मात्र यजमानांच्या घरचीच माणसं करतात. पत्रिकेत ओळ असते आणि कार्यक्रमाच्या मधोमध सख्खा भाऊ किंवा मामा सगळ्यांसमोर मोठी भेट देतो. त्याला वाटतं, ओळ परक्यांसाठी होती. पाहणाऱ्यांना वाटतं, ओळ खोटी होती. घरच्यांना काही द्यायचं असेल तर आदल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, घरात, चार माणसांत द्यावं. आणि हे त्यांना यजमानांनी स्वतः, आधी, नाव घेऊन सांगावं. त्यांनी आपणहून समजून घ्यावं अशी आशा धरू नये.

उलट दिशेची चूकही तितकीच होते. पाहुण्यांना ‘काही आणू नका’ सांगायचं आणि निघताना प्रत्येकाच्या हातात रिटर्न गिफ्टची पिशवी ठेवायची. पाहुणा ती घेऊन घरी जातो आणि त्याला वाटतं, आपण फुकट घेऊन आलो. पुढच्या वेळी तो रिकाम्या हाताने येणार नाही, हे नक्की. देवघेव थांबवायची असेल तर ती दोन्ही बाजूंनी थांबवावी लागते.

काही यजमान ‘भेटीऐवजी अमुक संस्थेला देणगी द्यावी’ असं लिहितात. हेतू चांगला असतो, पण नीट न हाताळल्यास यातून भेटीहून कडक बंधन तयार होतं. भेटीची किंमत निदान कागदात झाकलेली असते. देणगीचा आकडा उघडा असतो. देणगी सुचवायचीच असेल तर ती ‘ऐवजी’ म्हणून सुचवू नये. आधी ‘काहीही आणू नये’ हे वाक्य पूर्णविरामासह संपवावं आणि मग स्वतंत्रपणे लिहावं, की कुणाला इच्छा असल्यास अमुक संस्थेला आपापल्या सोयीने परस्पर मदत करता येईल, आम्हाला कळवण्याची गरज नाही. शेवटचा भाग फार महत्त्वाचा. कोणी किती दिलं हे यजमानांना कळलं, की पुन्हा तोच हिशेब सुरू झाला. दारात दानपेटी ठेवणं, कार्यक्रमात देणगीदारांची नावं वाचून दाखवणं, एकूण रकमेचा फलक लावणं, हे सगळं टाळावं. वादग्रस्त किंवा एखाद्या पक्षाकडे झुकलेली संस्था सुचवू नये; पाहुण्याला आपला विरोध बोलून दाखवता येत नाही आणि गप्प बसणंही जड जातं.

मुलांच्या वाढदिवसाचं गणित वेगळं आहे, कारण तिथे भेटींची वाट पाहणारा यजमान खरोखरच असतो आणि तो सहा वर्षांचा असतो. आई-वडिलांनी त्याला न विचारता ओळ लिहिली, तर त्या दिवशी तो प्रत्येक पाहुण्याच्या हातांकडे पाहत राहतो, आणि ते त्या पाहुण्यांना दिसतं. म्हणून आधी मुलाशी बोलावं. आई-वडील आणि आजी-आजोबा यांच्याकडून काय मिळणार आहे ते त्याला ठाऊक असावं, म्हणजे काहीच मिळणार नाही अशी धास्ती त्याला राहत नाही. वीस मुलांनी वीस खेळणी आणली, तर एकेक उघडून पाहायला दोन मिनिटं धरली तरी चाळीस मिनिटं जातात. त्यात काही वस्तू दोनदा येतात, आणि आपण आणलेलं खेळणं बाजूला पडलं हे आणणारं मूल पाहत असतं.

मुलांना काहीतरी घेऊन जायला आवडतंच. त्यासाठी पुस्तकांची अदलाबदल चांगली चालते. प्रत्येक मुलाने घरातलंच, वाचून झालेलं एक पुस्तक साध्या कागदात गुंडाळून आणायचं आणि जाताना दुसऱ्याने आणलेलं एक घेऊन जायचं. नवं विकत आणायचं नाही, हे आमंत्रणात स्पष्ट लिहावं. नाहीतर निम्मी मुलं कोरी पुस्तकं आणतात आणि जुनं आणणारी हिरमुसतात. विसरणाऱ्यांसाठी यजमानांनी चार-पाच पुस्तकं तयार ठेवावीत, आणि वयात फार अंतर असेल तर दोन वेगळे ढीग करावेत. हाताने काढलेलं शुभेच्छापत्र आणायला हरकत नसावी. आमंत्रित मुलाच्या पालकांनीही घरून निघण्याआधी त्याला सांगून ठेवावं, की तिथे कुणीच भेट आणणार नाही. ते न सांगितलेलं मूल दारात मोठ्याने विचारतं, ‘आपण काहीच आणलं नाही?’

इतकं सगळं करूनही दोन-तीन भेटी येतातच. त्या वेळी यजमानांनी रागावू नये, उपदेश करू नये आणि दारातच परत करू नये. विनंती मोडणाऱ्याला सगळ्यांसमोर लाजवून विनंतीचा मान वाढत नाही. मोजक्या शब्दांत घ्यावी आणि लगेच आतल्या खोलीत ठेवावी. हे काम घरातल्या एका माणसाकडे सोपवलेलं असावं, म्हणजे यजमान पिशवी हातात धरून पुढच्या पाहुण्याचं स्वागत करत राहत नाहीत. खोक्यावर देणाऱ्याचं नाव तिथेच पेन्सिलीने लिहावं. चिकटवलेल्या चिठ्ठ्या गळून पडतात आणि मग कुणाचं कोणतं हे कळत नाही. उघडायची ती पाहुणे गेल्यावर. आभार आठवड्याच्या आत, खासगीत मानावेत, गटातल्या निरोपात नाही. गटात आभार मानले, की न आणणाऱ्या सगळ्यांना ते वाचावं लागतं. रोख रकमेचं पाकीट असेल तर ते थोड्या दिवसांनी स्वतः भेटून परत करणं शक्य असतं, आणि बहुतेकांना त्याचा राग येत नाही, कारण तेव्हा पाहणारं कुणी नसतं. पदाच्या नियमांमुळे परत करावं लागत असेल, तर दोन ओळींचं पत्र सोबत द्यावं आणि त्याची प्रत जपून ठेवावी.

फुलं आणि खाण्याचे पदार्थ याबद्दल लोकांना वाटतं, की ही काही भेट नव्हे. पण गुच्छ आला, की कुणालातरी फुलदाणी शोधावी लागते, देठ छाटावे लागतात, पाणी भरावं लागतं. ऐन गर्दीत यजमानांची पाच-दहा मिनिटं त्यात जातात. पदार्थ आणला, की तो वाढावा की ठेवून द्यावा, फ्रिजमध्ये जागा आहे का, कुणाला त्यातलं काही वर्ज्य आहे का, हे प्रश्न उभे राहतात. यजमानांनी स्वतः ‘तू अमुक घेऊन ये’ म्हटलं असेल तर अवश्य न्यावं, आणि सांगितलं तेवढंच न्यावं.

मग ज्याच्या मनात खरोखर काही द्यायचं आहे, त्याने काय करावं? पहिली गोष्ट, दिवस बदलावा. दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, एकट्याने भेटावं आणि आधी विचारावं : ‘तुमच्यासाठी एक गोष्ट बाजूला ठेवली आहे, आणू का?’ उत्तर ‘नको’ आलं तर तिथे थांबावं. दुसरी गोष्ट, पत्र लिहावं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या 2018 च्या अभ्यासात कृतज्ञतेची पत्रं लिहिणाऱ्यांचे अंदाज आणि ती मिळालेल्यांची प्रत्यक्ष भावना ताडून पाहिली होती. मिळणाऱ्याला किती आनंद होईल याचा अंदाज लिहिणाऱ्यांनी कमी केला होता आणि त्याला किती अवघडल्यासारखं होईल याचा जास्त. आपण पत्र लिहीत नाही ते या चुकीच्या अंदाजामुळे. अर्धं पान पुरतं. त्या माणसाने केलेली एक नेमकी गोष्ट लिहावी, ती कधीची ते लिहावं, आणि तिच्यामुळे आपलं काय बदललं ते लिहावं. सुभाषितं नकोत. हे पत्र समारंभाच्या दारात बंद पाकिटातून मात्र देऊ नये. लांबून पाहणाऱ्याला ते पैशांचं पाकीट वाटतं आणि टाळायचं तेच घडतं. दुसऱ्या दिवशी पाठवावं.

यजमानांना त्या दिवशी खरी गरज असते ती वेगळ्याच गोष्टींची. किती माणसं येणार हे मागितलेल्या तारखेच्या आत कळवणं, आणि कळवलं तेवढ्याच जणांनी येणं. वेळेवर पोचणं. एकट्या आलेल्या वयस्कर माणसाला घरी सोडणं. कुणालाच न ओळखणाऱ्या पाहुण्याशेजारी बसणं. शेवटी वीस मिनिटं थांबून खुर्च्या आणि भांडी आवरणं. फोटो काढले असतील तर दोनशे एकदम न पाठवता चांगले दहा निवडून आठवडाभरात पाठवणं. यांतलं काहीही दुसऱ्या पाहुण्याला खाली बघायला लावत नाही.

आणि जर तुम्ही विनंती पाळून गेलात आणि दारात पाहिलंत, की पुढचे तिघे पिशव्या घेऊन उभे आहेत, तर? माफी मागू नका आणि ‘आम्ही काही आणलं नाही हो’ असं बोलूनही दाखवू नका. तसं म्हटलं की यजमानांना तुमची समजूत घालत बसावं लागतं आणि मागे उभा असलेला पाहुणाही कानकोंडा होतो. नमस्कार करा, अभिनंदन करा, आत जा. दुसऱ्या दिवशी मागाहून काही पाठवू नका. उलट तुम्हीच काही आणलं असेल आणि बाकीचे मोकळ्या हातांनी आलेले दिसले, तर ते गाडीतच ठेवा, किंवा बॅगेतून काढू नका. अशी विनंती न करणारं कुणी ना कुणी पुढे भेटतंच. ती वस्तू त्यांना देता येते.